वस्तादाचा पठ्ठा : जिम थॉर्प

सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत जिम थॉर्पला एकच ओळ मिळते. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके जिंकली, ती पुढे काढून घेण्यात आली, एवढीच. पण ती का काढून घेतली गेली आणि त्यात त्याच्या प्रशिक्षकाचा हात किती होता, हे त्या ओळीत मावत नाही. आपल्याकडे तालमीत वस्ताद आणि पठ्ठा यांचे नाते मोठे मानतात. पठ्ठ्यावर बालंट आले तर वस्तादाने पुढे व्हायचे, असा तिथला अलिखित रिवाज. जिमच्या वस्तादाने नेमके उलटे केले. म्हणून ही कहाणी आपल्या मासिकात यावी असे वाटले.

जिमचा जन्म १८८७ च्या मे महिन्यात अमेरिकेतील आजच्या ओक्लाहोमा राज्यात झाला (काही नोंदींत १८८८ साल आहे). सॅक आणि फॉक्स जमातीचे हे कुटुंब. जमातीच्या भाषेतले त्याचे नाव होते वा-थो-हक, म्हणजे उजळलेली वाट. चार्ली नावाचा जुळा भाऊ लहानपणीच न्यूमोनियाने गेला आणि तेव्हापासून जिमचे शाळेत मन रमेना. या शाळेतून पळ, त्या शाळेतून पळ, असे चालले होते. पुढे आईही गेली. अखेर १९०४ मध्ये त्याची रवानगी पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथील सरकारी इंडियन शाळेत झाली. लष्कराच्या जुन्या बराकींत १८७९ साली उघडलेली ही शाळा. तेथे आदिवासी मुलांचे लांब केस कापले जात, स्वतःच्या भाषेत बोलायला बंदी असे, अर्धा दिवस अभ्यास आणि अर्धा दिवस काम. मुलांना ‘सुधारण्या’चा तो कारखानाच होता म्हणाना! जिम तेथे पोहोचला त्याच वर्षी त्याचे वडीलही वारले.

या शाळेचा क्रीडाप्रमुख होता ग्लेन वॉर्नर. सगळे त्याला ‘पॉप’ म्हणत, म्हणजे आपल्याकडचे बाबा किंवा अण्णा म्हणा. फुटबॉलच्या डावपेचांत त्या काळी त्याचा हात धरणारे फार थोडे होते. हा अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू हातात घेऊन धावायचे आणि समोरच्यांनी धरपकड करून पाडायचे, असा तो रांगडा खेळ, रग्बीचा भाऊबंद.

१९०७ च्या वसंतात एके दिवशी मैदानावर उंच उडीचा सराव चालला होता. दांडी ५ फूट ९ इंचांवर होती आणि कोणालाच ती पार होत नव्हती. कामाच्या कपड्यांतच जाणाऱ्या जिमने सहज उडी मारली आणि पलीकडे गेला, अशी कथा सांगतात. वॉर्नरने त्याला लगेच ॲथलेटिक्सच्या संघात घेतले. फुटबॉल मात्र तो खेळू देईना. एवढा गुणी धावपटू धरपकडीत जायबंदी होईल ही त्याची भीती. जिमने हट्टच धरला, तेव्हा वॉर्नरने त्याला सगळ्या संघाच्या अंगावर सोडले. धरपकडीचा सराव होईल आणि पोराचा हट्टही जिरेल, हा हिशोब. जिम सगळ्यांना चुकवून पार गेला, आणि दुसऱ्यांदाही गेला.

१९०९ च्या उन्हाळ्यात जिम कार्लाइल सोडून उत्तर कॅरोलिनातल्या रॉकी माउंट गावी बेसबॉल खेळायला गेला. शाळेतली आणखी दोन मुले बरोबर होती. मोबदला किरकोळ, पण पैसे घेऊन खेळला हे खरे. त्या काळी महाविद्यालयांतली पुष्कळ मुले सुटीत असे खेळत, फक्त नाव खोटे लावत, म्हणजे हौशी खेळाडूचा शिक्का पुसला जात नसे. जिम स्वतःच्या नावाने खेळला. हा भोळेपणा म्हणावा की बेफिकिरी? दोन्ही असेल. पुढच्या वर्षीही तो तिकडेच होता. मग १९११ मध्ये वॉर्नरने त्याला परत बोलावून घेतले. फुटबॉलच्या संघाला त्याची गरज होती आणि पुढच्या वर्षी ऑलिंपिक होते. एवढा नावाजलेला खेळाडू दोन वर्षे कोठे होता, हा प्रश्न वॉर्नरला पडला नसेल, यावर अभ्यासकांपैकी फारच थोड्यांचा विश्वास आहे.

त्या हंगामात कार्लाइलची गाठ बलाढ्य हार्वर्डशी पडली. हार्वर्डच्या प्रशिक्षकाने आदिवासी पोरांना काय भ्यायचे म्हणून आपले मुख्य खेळाडू बसवून ठेवले आणि राखीव संघ उतरवला. दुखऱ्या पायाला पट्ट्या बांधून जिमने चार मैदानी गोल मारले. शेवटच्या टप्प्यात हार्वर्डचे ताजेतवाने मोहरे धावत आले, पण तोवर उशीर झाला होता. कार्लाइल १८, हार्वर्ड १५. प्रशिक्षकांच्या घोडचुकांची यादी करायची तर ही वरच्या क्रमांकाची. पण ती एका दुपारची चूक. दुसऱ्या वर्षी भरून निघते.

स्टॉकहोममध्ये पंचक्रीडेतल्या पाचपैकी चार प्रकारांत जिम पहिला आला. दशक्रीडा तीन दिवस चालली. मध्येच त्याचे बूट चोरीला गेले, तर कोठून तरी मिळवलेले विजोड बूट घालून तो उतरला आणि ८४१२ गुण मिळवून दुसऱ्या क्रमांकाच्या वीस्लांडरला जवळपास ७०० गुणांनी मागे टाकले. पदकांबरोबर स्वीडनच्या राजाकडून आणि रशियाच्या झारकडून मौल्यवान भेटी मिळाल्या. नोव्हेंबरात परत येऊन त्याने वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीच्या संघाला २७–६ असे लोळवले. त्या हरलेल्या संघात आयझेनहॉवर नावाचा एक तरुण होता. तो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला.

१९१३ च्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्समधल्या एका वर्तमानपत्राने रॉकी माउंटची हकिगत छापली आणि एकच गहजब झाला. वॉर्नर आणि शाळेचा अधीक्षक फ्रीडमन यांनी कानांवर हात ठेवले. आम्हांला काहीच ठाऊक नव्हते, ही त्यांची भूमिका. मग ॲथलेटिक्स संघटनेच्या जेम्स सलिव्हनच्या नावे एक पत्र गेले. सही जिमची, पण मजकूर वॉर्नरने रचला असेच मानले जाते. आपण साधा आदिवासी विद्यार्थी, आपल्याला नियम कळत नव्हते, दुसऱ्यांसारखे खोटे नाव घेण्याची हुशारी आपल्याकडे नव्हती, असा त्याचा सूर होता. सगळा दोष मुलाच्या अंगावर आणि तोही त्याच्या जातकुळीच्या अडाणीपणाचे निमित्त करून! या पत्राने दया आली नाहीच. कबुलीजबाब मात्र हाती पडला. हौशीपणा गेला, पदके गेली, भेटवस्तूही परत पाठवाव्या लागल्या.

यातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट पुढेच आहे. स्टॉकहोमच्या नियमावलीप्रमाणे कोणाही खेळाडूविरुद्धची हरकत ३० दिवसांच्या आत यायला हवी होती. प्रत्यक्षात ती आली सहा महिन्यांनी. नियमावली उघडून पाहिली असती तर पदके वाचवता आली असती. पात्रतेच्या अर्जांवर सह्या करणारे जिमखाना-प्रमुख आपल्याकडेही असतात; मुलाचे नाव कटले तर निदान नियम काय आहे हे पाहण्याची अपेक्षा आपण त्यांच्याकडून करतो. वॉर्नरने ती तसदी घेतली नाही. कदाचित चौकशी लांबली तर आपल्यापर्यंत येईल, हे त्याला दिसत असावे. हे माझे अनुमान आहे, पण वर्षभरात जे घडले ते त्याला पुष्टी देते. १९१४ मध्ये दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांच्या तक्रार-अर्जावरून अमेरिकन काँग्रेसने कार्लाइलची चौकशी केली. वॉर्नरची शिवीगाळ, मारहाण, खेळनिधीतला मनमानी खर्च, सगळे साक्षींत निघाले. अधीक्षक गेला. वॉर्नर मात्र पिट्सबर्ग विद्यापीठात प्रशिक्षक झाला आणि १९१५ ते १९१७ त्याचा संघ अजिंक्य राहिला! कार्लाइलची शाळा १९१८ साली बंद पडली.

जिमला न्यूयॉर्क जायंट्स या व्यावसायिक बेसबॉल संघाने घेतले. तेथला व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ नावाजलेला, पण हुकूमशहा. लोक जिमला पाहायला येतात म्हणून त्याला घेतले आणि बाकावर बसवले. १९१३ च्या सबंध हंगामात तो १९ सामन्यांत खेळला. बसून बसून बेसबॉल कोणाला येतो? १९१९ मध्ये बोस्टनकडे गेल्यावर त्याला नियमित खेळायला मिळाले, आणि त्याची सरासरी ०.३२७ वर गेली, जी भल्याभल्यांना जमत नाही. तोवर तो बत्तिशीला आला होता.

व्यावसायिक फुटबॉलमध्ये मात्र तो कँटन संघाचा राजा होता, आणि १९२० मध्ये आजच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगची मूळ संघटना स्थापन झाली तेव्हा तिचा पहिला अध्यक्षही तोच. दोन वर्षांनी तो एका वेगळ्याच संघाचा प्रशिक्षक झाला. ओहायोतल्या एका कुत्र्यांच्या व्यापाऱ्याने आपल्या कुत्र्यांच्या जाहिरातीसाठी फक्त आदिवासी खेळाडूंचा संघ काढला होता. मध्यंतरात हे खेळाडू पिसांचे टोप घालून नाचत आणि कुऱ्हाडफेक करून दाखवत. १९२३ साली या संघाने ११ पैकी १० सामने गमावले. खेळाडूंना विश्रांती नाही, शिस्त नाही आणि जिमने ती लावलीही नाही. इतकी वर्षे दुसऱ्यांनी त्याचा तमाशा केला होता. इथे त्याने आपल्याच माणसांचा होऊ दिला. त्याचे मोठेपण सांगताना हे वगळणे बरोबर नाही.

पुढची वर्षे हलाखीची. मंदीत त्याने खोदकामाची मजुरी केली, हॉलिवूडमध्ये जमावातली कामे केली. दारूही जवळ आली. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचे तिकीट काढायला पैसे नव्हते, तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष कर्टिस यांनी, तेही आदिवासी रक्ताचे, त्याला आपल्याजवळ बसवून घेतले. १९५० मध्ये अमेरिकन पत्रकारांनी त्याला अर्धशतकातला सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरवले. २८ मार्च १९५३ रोजी कॅलिफोर्नियात हृदयविकाराने तो गेला. वॉर्नर त्याच्यामागून दीड वर्षाने.

तो ३० दिवसांचा नियम अखेर एका अभ्यासक दांपत्याने ग्रंथालयातली जुनी नियमावली धुंडाळून पुढे आणला. १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने जिमला सहविजेता मानले आणि पुढच्या जानेवारीत त्याच्या मुलांना पदकांच्या प्रतिकृती दिल्या. पहिला तो एकटाच, हे मान्य व्हायला जुलै २०२२ उजाडले. त्या वेळी समितीने वीस्लांडरच्या स्वीडनमधल्या नातेवाइकांनाही विचारले होते. त्यांनी कळवले की वीस्लांडरने ते सुवर्णपदक आपले कधी मानलेच नव्हते.