जखमांचे राखणदार : जोसेफ लिस्टर

विद्यार्थी मित्रांनो, जखम हा शब्द तुम्हांला मराठीत नवा वाटणार नाही. उर्दूतही तो आहेच. उच्चार थोडा वेगळा, अर्थ मात्र एकच. खेळताना गुडघा फुटला, तर आपण काय करतो? जखम धुतो, औषध लावतो आणि स्वच्छ पट्टी बांधतो. आज ही गोष्ट लहान मुलालाही ठाऊक असते. पण १८६५ पूर्वी युरोपातल्या मोठमोठ्या रुग्णालयांतही तिचे महत्त्व कळलेले नव्हते. ते ज्यांनी पटवून दिले, त्या जोसेफ लिस्टर यांची ओळख आज आपण करून घेऊ.

जोसेफ लिस्टर यांचा जन्म ५ एप्रिल १८२७ रोजी इंग्लंडमध्ये लंडनजवळच्या अप्टन या गावी झाला. त्यांचे वडील व्यापारी होते. पण त्यांचा जीव रमे तो सूक्ष्मदर्शकात. डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वस्तू मोठ्या करून दाखवणारे हे यंत्र तेव्हा सदोष होते. वडिलांनी त्याच्या भिंगांत मोठी सुधारणा केली. त्यामुळे घरातच जोसेफला बारकाईने पाहण्याची सवय लागली. डोळ्यांना जे दिसत नाही, तेही असू शकते, हे तो लहानपणीच शिकला.

लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून लिस्टर १८५३ मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरा शहरी गेले. तेथे जेम्स साइम या नामवंत शल्यचिकित्सकाच्या हाताखाली त्यांनी काम केले. १८५६ मध्ये साइम यांची मुलगी अ‍ॅग्नेस हिच्याशी त्यांचा विवाह झाला. अ‍ॅग्नेस यांनी नुसते घर सांभाळले नाही. पतीच्या प्रयोगांत त्या बरोबरीने बसत आणि नोंदी लिहून ठेवत. १८६० मध्ये लिस्टर ग्लासगो येथे प्राध्यापक झाले आणि पुढच्या वर्षी तेथील मोठ्या रुग्णालयात काम करू लागले.

त्या काळातले रुग्णालय कसे होते, याची तुम्ही कल्पना करून पाहा. १८४६ पासून रुग्णाला बेशुद्ध करून शस्त्रक्रिया करता येऊ लागली होती. वेदना थांबल्या, पण मृत्यू थांबले नाहीत. शस्त्रक्रिया चांगली होई, रुग्ण शुद्धीवर येई, घरचे लोक आनंदित होत. मग दोन-चार दिवसांत जखम लाल होई, सुजे, तिच्यात पू होई. ताप चढे आणि कितीतरी रुग्ण दगावत. डॉक्टर एकाच अंगरख्यात एकामागून एक शस्त्रक्रिया करत. रक्ताने कडक झालेला तो अंगरखा अनुभवाची खूण मानला जाई. शस्त्रक्रियेपूर्वी हात धुण्याची रीत नव्हती. जखम सडते ती वाईट हवेमुळे, असे बहुतेकांना वाटे.

सर्वांत जास्त भीती असे ती हाड मोडून कातडीबाहेर आलेल्या रुग्णांची. अशा वेळी जीव वाचवण्यासाठी डॉक्टर बहुधा हात किंवा पायच कापून टाकत. पण कापलेली जागाही सडे. लिस्टर यांच्याच विभागात १८६४ आणि १८६६ या दोन वर्षांत हातपाय कापलेल्या ३५ रुग्णांपैकी १६ जण मरण पावले. त्यांनी हे आकडे लपवले नाहीत; नीट लिहून ठेवले. पुढे हेच आकडे त्यांच्या उपयोगी पडले.

१८६५ मध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक टॉमस अँडरसन यांनी लिस्टर यांना फ्रान्समधील लुई पाश्चर यांच्या संशोधनाची माहिती दिली. पदार्थ नासतो तो सूक्ष्म जंतूंमुळे, असे पाश्चर यांनी दाखवून दिले होते. लिस्टर विचार करू लागले. पदार्थ जंतूंमुळे नासत असेल, तर जखमही त्यांच्यामुळेच नासत नसेल का? उष्णतेने जंतू मरतात, पण माणसाची जखम उकळता येत नाही. म्हणजे जंतूंना मारील असे एखादे औषध हवे. कार्लाइल गावात सांडपाण्याची दुर्गंधी घालवण्यासाठी कार्बोलिक आम्ल वापरतात, असे त्यांनी ऐकले होते. तेच त्यांनी जखमेवर वापरायचे ठरवले.

पहिला प्रयत्न मार्चमध्ये झाला आणि तो फसला. १२ ऑगस्ट १८६५ रोजी जेम्स नावाच्या अकरा वर्षांच्या मुलाला रुग्णालयात आणले. गाडीचे चाक त्याच्या पायावरून गेले होते. हाड मोडले होते आणि जखम उघडी होती. पाय कापायचा की वाचवायचा? मित्रांनो, हा मुलगा तुमच्यापेक्षाही लहान होता. लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लात बुडवलेले कापड जखमेवर बांधले, हाड जुळवून पायाला फळ्यांचा आधार दिला आणि वाट पाहिली. चार दिवसांनी पट्टी सोडली. जखमेत पू नव्हता, दुर्गंधीही नव्हती. औषधाने कातडी मात्र थोडी पोळली होती, म्हणून पुढे ते सौम्य करून लावले. सुमारे सहा आठवड्यांत हाड जुळून आले. मुलाचा पाय वाचला.

एका मुलाचा पाय वाचला म्हणून लिस्टर यांनी लगेच डंका पिटला नाही. त्यांनी आणखी रुग्णांवर तोच उपचार केला. १८६७ मध्ये त्यांनी अशा ११ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी ९ जण हातपाय शाबूत ठेवून बरे झाले होते. एकाचा अवयव कापावा लागला आणि एक मरण पावला. ही अपयशेही त्यांनी लिहिली. त्याच वर्षी त्यांच्या बहिणीला कर्करोग झाला. लिस्टर यांनी स्वतः तिच्यावर याच पद्धतीने शस्त्रक्रिया केली. ज्या उपायावर स्वतःचा विश्वास नाही, तो सख्ख्या बहिणीवर कोण करील? तिची जखम नीट भरून आली.

पुढे १८६७ ते १८६९ या काळात त्यांनी ४० रुग्णांचे हातपाय कापले. त्यांपैकी ६ जण दगावले. तुम्हीच हिशोब करा. आधी शंभरात ४६ मृत्यू, नंतर शंभरात १५. तरीही सर्वांना ते पटले नाही. रुग्णालयाच्या चालकांनी तर सांगितले, की आमच्याकडे हवा खेळती झाली, जेवण सुधारले, म्हणून मृत्यू घटले. ही शंका अगदीच चुकीची म्हणता येणार नाही. एकाच वेळी अनेक गोष्टी बदलल्या, तर फायदा नेमका कशाचा झाला हे कसे ओळखावे? म्हणून आजचे संशोधक रुग्णांचे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गट करतात. एका गटाला नवा उपचार देतात, दुसऱ्याला जुना, आणि मग दोहोंची तुलना करतात. लिस्टर यांच्या काळी ही रीत नव्हती; पण मोजून पाहण्याची सवय त्यांनी लावली.

येथे आणखी एका डॉक्टरांची आठवण ठेवली पाहिजे. व्हिएन्ना शहरातील इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्येच डॉक्टरांना औषधी पाण्याने हात धुवायला लावून बाळंतिणींचे प्राण वाचवले होते. लोकांनी त्यांचे ऐकले नाही. ग्लासगोत त्या मुलाच्या पायाला पट्टी बांधली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १३ ऑगस्ट १८६५ रोजी, सेमेलवाइस वारले. लिस्टर यांना त्या वेळी त्यांचे नावही ठाऊक नव्हते.

लिस्टर यांनी १८७१ पासून शस्त्रक्रियेच्या वेळी हवेत कार्बोलिक आम्लाचा फवारा मारण्याची पद्धत सुरू केली. त्याने डॉक्टरांचे डोळे चुरचुरत, हात सोलत. १८७७ मध्ये ते लंडनला गेले. तेथे सुरुवातीला त्यांच्या व्याख्यानांना फार थोडे विद्यार्थी येत. पण त्याच वर्षी त्यांनी मोडलेल्या गुडघ्याची वाटी चांदीच्या तारेने जोडून दाखवली. धडधाकट कातडी कापून सांधा उघडणे त्या काळी फार धोक्याचे मानत. तो रुग्ण बरा झाला आणि टीकाकारही विचारात पडले.

पुढे नव्या संशोधनाने दिसून आले, की जखमेला खरा धोका हवेपेक्षा हात, हत्यारे आणि कापड यांच्यापासून असतो. तेव्हा लिस्टर यांनी काय केले असेल? १८९० मध्ये बर्लिन येथे जगभरच्या डॉक्टरांसमोर त्यांनी आपला फवारा चुकीचा होता हे कबूल केले. तोवर ते जगप्रसिद्ध झाले होते. तरी आपलेच साधन टाकून देताना त्यांना कमीपणा वाटला नाही.

१८९३ मध्ये अ‍ॅग्नेस यांचे निधन झाले. ३७ वर्षांची सोबत संपली. नंतर लिस्टर यांना मोठमोठे मान मिळाले. १८९५ ते १९०० या काळात ते रॉयल सोसायटी या विख्यात संस्थेचे अध्यक्ष होते आणि १८९७ मध्ये ते लॉर्ड झाले. १० फेब्रुवारी १९१२ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला.

मित्रांनो, आज रुग्णालयांत कार्बोलिक आम्लात बुडवलेल्या पट्ट्या दिसत नाहीत. हत्यारे वाफेने निर्जंतुक करतात, डॉक्टर हातमोजे घालतात. पण जखमा अजूनही पिकतात, म्हणून शोधही चालूच आहे. पूर्वी शस्त्रक्रियेआधी वस्तऱ्याने केस काढत. वस्तऱ्याच्या बारीक चिरांमुळे जखम पिकण्याचा धोका वाढतो, असे रुग्णांची मोजणी केल्यावर आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये वस्तरा वापरू नये असे सांगितले. किती साधी गोष्ट! पण तीही कोणीतरी मोजून पाहिली, तेव्हाच कळली. पुढच्या वेळी जखमेवर स्वच्छ पट्टी बांधाल, तेव्हा ग्लासगोच्या त्या अकरा वर्षांच्या मुलाची आणि चार दिवस त्याच्या पट्टीकडे डोळे लावून बसलेल्या डॉक्टरांची आठवण अवश्य ठेवा.