शूलिभंजनचा डोंगर आणि घरची माणसे

दत्तमहाराजांची आरती आपण रोज म्हणतो. तिच्या शेवटी नाथमहाराज आपल्या नावाला गुरूंचे नाव जोडतात. ते गुरू म्हणजे देवगिरीचे जनार्दनस्वामी. आपल्या घोडेगावावरून जाणारा नगरचा रस्ता प्रवरासंगमाला गोदावरी ओलांडून संभाजीनगरला जातो, आणि तिथून देवगिरी काही लांब नाही. नाथांच्या काळी तो किल्ला नगरच्या निजामशाहीत होता आणि स्वामी तिथले किल्लेदार. दर गुरुवारी दत्तभक्तीसाठी किल्ल्याचे कामकाज बंद राही, अशी परंपरा सांगते.

एकनाथांचे आईवडील लहानपणीच गेले. आजोबा चक्रपाणी आणि आजीने त्यांना वाढवले. भानुदासांच्या कुळातले ते एकच पोर. ते बाराव्या वर्षी गुरूच्या ओढीने कोणाला न सांगता पैठणहून निघून गेले. आपण चरित्र वाचताना पोराबरोबर पुढे जातो, पण मागे राहिलेल्या त्या दोन म्हाताऱ्यांचे काय झाले असेल? ज्यांच्या घरी नातवंडे आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको.

देवगिरीवर नाथांनी गुरूंची सेवा केली. हिशेबातली एका पैची चूक शोधायला रात्र जागवली, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. जनार्दनस्वामींबरोबर दत्तप्रभूंचे दर्शन झाले तेही मलंगाच्या वेषात, आणि नाथांनी आधी ओळखले नाही! ताहाराबादचे महिपतीबुवा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले, त्यांनी भक्तलीलामृतात नाथांचे चरित्र विस्ताराने गायिले आहे.

मग स्वामींनी श्रीकृष्णमंत्र दिला आणि शूलिभंजनच्या डोंगरावर अनुष्ठानाला पाठवले. हा डोंगर खुलताबादजवळ आहे आणि आज तिथे दत्तमंदिर आहे. खाली मैदान, वर वारा, आणि माणसाची चाहूल नाही. तिथे नाथ ध्यानाला बसत. एक नाग दंश करायला आला आणि अंगाचा स्पर्श होताच शांत झाला. मग तो रोज येई, विळखा घालून डोक्यावर फणा धरी. दूध घेऊन येणाऱ्या माणसाने ते पाहिले आणि भीतीने ओरडला, तेव्हा नाथ देहभानावर आले. त्यांना नागाचे भय वाटले नाही.

बरं, एवढे एकांताचे सुख लागल्यावर कोण खाली उतरेल? पण अनुष्ठान पुरे झाले आणि गुरूंनी त्यांना डोंगरावर ठेवले नाही. बरोबर तीर्थयात्रेला नेले. त्र्यंबकेश्वरी चतुःश्लोकी भागवतावर टीका लिहायला सांगितली आणि पुढची यात्रा एकट्याने करायला लावली.

इकडे चक्रपाणींना नातू देवगिरीला होता असे कळले. म्हातारा देवगिरीला पोचला, तर नातू यात्रेला गेलेला. स्वामींनी त्यांच्या हाती एक पत्र दिले. एकनाथ भेटेल तिथेच त्याने राहावे, अशी त्यात आज्ञा होती. नाथ यात्रेहून पैठणला आले, पण घरी न जाता देवळात उतरले. आजोबांनी वाटेत गाठून पत्र पुढे केले. गुरूंचे अक्षर पाहताच नाथ होते तिथेच थांबले.

मला या चरित्रात नागापेक्षा हे पत्र मोठे वाटते. गुरूंनी शिष्याला घरच्या माणसांच्या हाती परत दिले, तेही त्यांच्याच हातून.

पुढे वैजापूरच्या गिरिजाबाईंशी लग्न झाले, मुलेबाळे झाली. पहाटेचे ध्यान आणि गोदावरीचे स्नान सुटले नाही. दुपारी पंगत, रात्री कीर्तन. दारात कोण येईल याचा नेम नाही, श्राद्धाचे अन्नही भुकेल्यांना वाढले गेले. ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत त्यांनी शके 1506 मध्ये याच संसारात राहून सिद्ध केली. शके 1521च्या फाल्गुन वद्य षष्ठीला त्यांनी गोदावरीत देह ठेवला. जनार्दनस्वामींच्या पुण्यतिथीचाही तोच दिवस.