घरातला कवी कोण?

१९५० साली जळगावच्या चौधरींच्या घरातला कवी कोण, असं कुणी विचारलं असतं तर उत्तर एकच मिळालं असतं. सोपानदेव! शिकलेले, कविता छापून येणारे, साहित्यिकांत ऊठबस असलेले. त्यांच्या म्हाताऱ्या आईकडे कुणी बोटही दाखवलं नसतं. डोक्यावर पदर, शेतात राबून रापलेले हात, आणि अक्षरओळख म्हणाल तर शून्य.

आता मैत्रिणींनो, त्या घरातल्या कोणाची कविता आपल्याला पाठ आहे, सांगा बरं?

बहिणाबाईंचा जन्म २४ ऑगस्ट १८८० चा, जळगावजवळच्या असोद्याचा. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या नथुजी चौधरींच्या घरी आल्या आणि तिशीतच विधवा झाल्या. पदरात तीन मुलं. त्यातल्या ओंकारला प्लेगने गाठलं. जीव वाचला, पण अधूपण कायमचं आलं. सोपानदेव तर तेव्हा अवघे दोन-तीन वर्षांचे होते. पुढचं सगळं आयुष्य शेत, चूल आणि जातं यातच गेलं. खानदेशात अशा बाया घरोघरी होत्या. कोण कशाला वळून बघतंय!

पण दळताना, निंदताना, पेरताना या बाईच्या तोंडून आपसूक ओव्या यायच्या, त्याही आपल्या लेवा बोलीत. सुगरणीचा खोपा, भरकटणारं मन, कपाळाचं कुंकू पुसलं गेल्यावरचं जिणं... विषय शोधायला कुठे जावंच लागलं नाही. दारात आलेल्या ज्योतिषालासुद्धा त्यांनी गाण्यातूनच परत पाठवलं. माझं नशीब मला ठाऊक आहे, तू नको सांगूस, असा तो रोखठोक हिशेब. मला मात्र सगळ्यात नवल वाटतं ते जळगावच्या छापखान्यावरच्या गाण्याचं. एक अक्षर वाचता न येणारी बाई यंत्र बघते आणि म्हणते काय, तर छापून घेऊन कोऱ्या कागदाला अक्कल येते, माणूस आपला होता तसाच राहतो. शिकल्यासवरल्यांना हे सुचलं होतं का?

सोपानदेवांनी आणि त्यांच्या एका मावसभावाने यातली जमतील तेवढी गाणी वहीत उतरवून ठेवली. वही घरातच राहिली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी जरा संकोचतच ती आचार्य अत्र्यांना दाखवली. मुलगा स्वतः कवी, तरी संकोच! आई अडाणी, भाषा गावाकडची. लोक काय म्हणतील, ही धाकधूक असणारच. त्यांना तरी दोष कसा द्यायचा? आपल्या आईच्या बोलण्याकडे आपण तरी कुठे कान देऊन ऐकतो? अत्र्यांनी मात्र ऐकताक्षणी ओळखलं आणि हे छापायलाच हवं असा आग्रह धरला. त्यांच्याच प्रस्तावनेसह १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झालं. बाईंना स्वतःचं पुस्तक बघायला मिळालं नाही. मिळालं असतं तरी ते दुसऱ्याकडूनच वाचून घ्यावं लागलं असतं म्हणा!

२०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं गेलं. पदवीच्या कागदावर आता त्या असतात.

वहीत आली ती गाणी वाचली. सोपानदेव लिहायच्या वयाचे होण्याआधी, भल्या पहाटे एकटीने दळताना त्यांनी जे म्हटलं असेल, ते मात्र जात्याच्या घरघरीतच विरून गेलं.