उघड्या दाराचा नाताळ
पंडिता रमाबाईंच्या चरित्रावरून काही बोध

ख्रिस्तजन्माचा सण जवळ आला आहे. गावोगावी आमच्या बंधुभगिनींची घरे सारवून लख्ख होत आहेत. करंज्यांचे सारण परतले जात आहे, मुलांसाठी नवे कपडे शिवले जात आहेत आणि काठीला कागद डकवून तारे तयार होत आहेत. मुंबईत गिरगाव, परळ, लालबाग या भागांत ज्यांचे नातलग राहतात त्यांना ठाऊक आहे की, तेथील चाळींत एकाच खोलीचे घर असले तरी दाराबाहेर तारा टांगल्यावाचून ख्रिस्ती कुटुंबास चैन पडत नाही. या गोष्टी आपण दरवर्षी करतो. परंतु त्यांचा अर्थ काय, याचा विचार क्वचितच करतो. म्हणून या अंकात आम्ही उपदेश न लिहिता एका बाईचे चरित्र सांगण्याचे योजिले आहे. गिरगावच्या चौपाटीजवळ या बाईंनी एके काळी एक दार उघडले आणि त्यासाठी पुढे पुष्कळ निंदा सोसली. त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई होत.

रमाबाईंचा जन्म ता. २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान ब्राह्मण होते. स्त्रीने संस्कृत शिकू नये असा त्या काळचा दंडक असता त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ती विद्या शिकविली आणि त्यापायी स्वजनांचा रोष पत्करला. पुढे दारिद्र्य आल्यामुळे हे कुटुंब घर सोडून तीर्थयात्रेस निघाले. तेव्हा रमा अवघी काही महिन्यांची होती. तिला वेताच्या पेटाऱ्यात निजवून तो पेटारा एका गड्याच्या डोक्यावर दिला होता. घर नाही, पाळणा नाही, आणि उद्या कोठे मुक्काम पडेल हेही ठाऊक नाही, अशा स्थितीत या लेकराचे आयुष्य सुरू झाले. गव्हाणीत निजविलेल्या बाळाची कथा आपण दरवर्षी ऐकतो. ती कथा रमाबाईंनी पुढे वाचली, तेव्हा त्यांना ती परकी वाटली नसेल.

आई पहाटे उठून मुलीस श्लोक पाठ करून घेई. पुराणे सांगावी आणि लोक जे देतील त्यावर राहावे, असा त्यांचा निर्वाह होता. परंतु १८७४ च्या सुमारास दक्षिणेत भयंकर टंचाई पडली. प्रथम वडील गेले, मागोमाग आई गेली आणि मोठी बहीणही गेली. आईच्या प्रेतास खांदा देण्यास पुरेसे लोक मिळेनात. शेवटी दोन ब्राह्मण आले, तिसरा मुलगा श्रीनिवास आणि चौथी रमा. ती उंचीने लहान असल्यामुळे तिला तिरडीचे टोक डोक्यावर घ्यावे लागले. वाचकहो, ज्यांच्या घरी मरण आले असता भाऊबंद दारापाशी फिरकले नाहीत, अशी कुटुंबे आपल्या मंडळ्यांत आहेत. त्यांना या प्रसंगाचा अर्थ सांगण्याची गरज नाही.

दोघे बहीणभाऊ शेकडो कोस पायी चालत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी रमेची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा विवाह झाला. १८८१ साली मनोरमा ही कन्या झाली. परंतु १८८२ च्या आरंभी पटकीने पती गेले. चोविसाव्या वर्षाच्या आतच रमाबाई विधवा झाल्या आणि कडेवर मूल घेऊन पुण्यास आल्या. १८८३ साली शिक्षणासाठी त्या इंग्लंडास गेल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात वाँटेज येथे त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

हा बाप्तिस्मा वादविवादात हरल्यामुळे झाला नाही. पतित म्हणून जगाने टाकून दिलेल्या स्त्रियांस तेथील ख्रिस्ती भगिनी आपल्या आश्रमात प्रेमाने सांभाळीत. हे लंडनजवळ फुलहॅम येथे पाहून रमाबाईंनी त्यामागील कारण विचारले. तेव्हा विहिरीवर आलेल्या शोमरोनी बाईशी प्रभु येशू कसा बोलला, हा वृत्तांत त्यांस वाचून दाखविण्यात आला. टाकलेल्या स्त्रीपाशी देव स्वतः येतो, ही गोष्ट त्यांच्या अंतःकरणात शिरली. पुढे त्या अमेरिकेस गेल्या. हिंदुस्थानातील उच्चवर्णीय स्त्रियांच्या दशेवर त्यांनी १८८७ साली इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि विधवांच्या शिक्षणासाठी मदतीची आश्वासने घेऊन १८८९ च्या आरंभी त्या मुंबईस उतरल्या.

ता. ११ मार्च १८८९ रोजी चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. आरंभी केवळ दोन विद्यार्थिनी होत्या. त्यांपैकी एक गोदूबाई ही कोकणातील बालविधवा होती. येथे रमाबाईंनी जो नियम ठेवला तो आमच्या वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. सदन ख्रिस्ती बाईंचे होते, तरी ज्या हिंदू मुली येतील त्यांनी आपापल्या रीतीप्रमाणे राहावे, त्यांचा स्वयंपाक वेगळा व्हावा, त्यांच्या पूजेअर्चेत कोणी हात घालू नये आणि शाळेत धर्मशिक्षण देऊ नये, असा तो नियम होता. ज्या बाईंच्या हातचे पाणी या मुली पीत नसत, त्याच बाई त्यांस आईप्रमाणे वाढवीत होत्या. यात बाईंनी आपला अपमान मानला नाही.

त्या वर्षीचा नाताळ हा सदनाचा पहिला नाताळ होय. त्याच आठवड्यात मुंबईत राष्ट्रीय सभेचे पाचवे अधिवेशन भरले आणि त्यास प्रथमच काही स्त्रिया प्रतिनिधी म्हणून बसल्या. रमाबाई त्यांत होत्या. त्याला जोडून भरलेल्या सामाजिक परिषदेत त्या विधवांच्या केशवपनाविरुद्ध बोलल्या. ज्या दिवसांत आपण गोडधोड करून स्वस्थ बसतो, त्या दिवसांत ही बाई डोके भादरलेल्या पोरींची कैफियत हजारो पुरुषांपुढे मांडीत होती. प्रभूचा जन्म दीनांसाठी झाला, असे आपण गाण्यात म्हणतो. रमाबाईंनी त्या आठवड्यात ते करून दाखविले.

मुंबईचा खर्च झेपेना, म्हणून १८९० च्या नोव्हेंबरात सदन पुण्यास हलविण्यात आले. तेथेच मोठी परीक्षा आली. रमाबाई रोज आपल्या खोलीत मनोरमेस घेऊन बायबल वाचीत व प्रार्थना करीत. सदनातील मुलींस त्यांनी कधी हाक मारून बोलाविले नाही. मात्र खोलीचे दारही लावून घेतले नाही. ज्या बाईंनी आपल्याला लेकीप्रमाणे सांभाळले त्या काय वाचतात, कोणाशी बोलतात, याचे मुलींस कुतूहल वाटे. एकएक मुलगी उंबऱ्याशी येऊन बसू लागली. गावात बोभाटा झाला, वर्तमानपत्रांनी झोड उठविली. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांसारख्या थोर पुरुषांनी सदनास प्रारंभापासून साह्य केले होते. त्यांच्या मते हिंदू घरांतील मुलींच्या बाबतीत येथे दिलेल्या शब्दाचा भंग होत होता. १८९३ साली त्यांनी सल्लागारपद सोडले. अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

या ठिकाणी रमाबाईंपुढे दोन सोपे मार्ग होते. दार लावून घेतले असते तर सर्व तंटा मिटला असता. उलटपक्षी, रागाने नियम मोडून सर्व मुलींस प्रार्थनेस बसण्याची सक्ती केली असती तर काही ख्रिस्ती जनांनी वाहवा केली असती. त्यांनी यांपैकी काहीच केले नाही. जी मुलगी येत नसे तिच्यावरील त्यांचे प्रेम तिळभर उणे झाले नाही. गोदूबाईंचेच पाहा. त्या हिंदूच राहिल्या, ता. ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला, आणि त्याच कर्व्यांनी पुढे विधवांसाठी आश्रम काढला. दुसऱ्या काही मुलींनी कालांतराने आपखुशीने ख्रिस्ताचा स्वीकार केला. दोघींसाठी दार एकच होते.

१८९६ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडल्याची वार्ता आली. ती ऐकताच रमाबाईंस आपल्या आईबापांचे रस्त्यावरील मरण आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व बाया घेऊन आल्या. त्या उपाशी व आजारी होत्या, कित्येकींची अब्रू लुटली गेली होती. सदनात जागा नव्हती; प्लेगामुळे पुण्यात इतकी माणसे ठेवण्यास मनाई झाली. तेव्हा पुणे जिल्ह्यात केडगाव येथे जी शेतजमीन घेऊन ठेवली होती तेथे गवताच्या झोपड्या घालून त्यांस ठेवण्यात आले. तेच मुक्ति सदन होय. १९०० च्या गुजराथच्या दुष्काळात आणखी शेकडो आल्या. विहिरी खणल्या गेल्या, माग बसले, छापखाना सुरू झाला, आंधळ्या मुली बोटांनी वाचू लागल्या. बेथलेहेमात ज्या उतारशाळेत जागा नव्हती तिचा आपण दरवर्षी निषेध करतो. रमाबाईंपाशीही जागा नव्हती, पण त्यांनी ती केली.

आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी आणखी एक काम अंगावर घेतले. संस्कृत शब्दांनी भरलेले बायबल स्वयंपाकघरातील बाईस व शेतावरील मजुरास कळत नाही, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून ज्यांस पुराणे मुखोद्गत होती अशा या पंडितेने उतारवयात इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले. मुक्ति सदनातील बायकांनीच त्याचे खिळे जुळविले. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा निवर्तली. तरी हातातले काम त्यांनी सोडले नाही. मुद्रिते तपासून पुरी झाली आणि ता. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी प्राण ठेवला. तो ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. देवाचा शब्द देही झाला, म्हणजे तो आपल्यासारख्यांच्या घरी, आपल्या बोलीत राहावयास आला. ख्रिस्तजन्माचा हा अर्थ या भाषांतरात जसा दिसतो तसा मोठ्या व्याख्यानांतही आम्हांस क्वचितच दिसला आहे.

आता आपण आपल्या घरी येऊ. दारावर जो तारा आपण टांगतो तो घराबाहेर असतो, आत नव्हे. वाटसरूस दिसावा म्हणूनच तो आहे. मग तारा बाहेर आणि प्रार्थना मात्र कडी लावून, शेजारी काय म्हणतील या भीतीने दबल्या आवाजात, हे कसे जुळावे? सायंकाळची कौटुंबिक उपासना दार उघडे ठेवून करा. कोणास ओढून आणू नका. कोणी उंबऱ्याशी बसला तर त्यास उठवू नका. शेजाऱ्याने आपल्या घरचा फराळ घेतला नाही तर रुसू नका. रमाबाईंच्या सदनातील मुलीही त्यांच्या हातचे घेत नव्हत्या.

फराळाचे ताट झाकून मुले घरोघर नेतात, ही मोठी गोड चाल आहे. परंतु ते ताट कोठे जात नाही, याचा शोध घरच्या कर्त्या माणसाने घ्यावा. आपल्याच मंडळीत पूर्वीच्या जातीवरून ज्या घरचे पाणी आपण टाळतो तेथे ते जाते काय? नवऱ्याने टाकलेली सून, पदरात पोर असलेली विधवा, जिच्याविषयी विहिरीवर कुजबुज चालते ती मुलगी, यांच्या दारी ते जाते काय? जात नसेल तर आपल्या करंज्यांत साखर असूनही त्या कडू आहेत, हे आम्हांस स्पष्ट सांगितलेच पाहिजे. उपदेशकांनी व मास्तरांनी या कामी प्रथम आपली चूल पाहावी आणि मग मंडळीस शिकवावे.

आणि घरात जागा कमी आहे असे कोणी म्हणू नये. चौपाटीवरील त्या घराचा आरंभ दोन मुलींनी झाला होता. या नाताळात प्रत्येक कुटुंबाने आपल्या पंगतीस एक पान अधिक मांडावे, आणि ज्यास कोणी बोलाविले नाही अशा एकास त्यावर बसवावे. ज्याला उतारशाळेत ठाव मिळाला नाही तो प्रभु त्या पानावर आपणास भेटेल, असा आमचा भरवसा आहे. सर्व वाचकांस ख्रिस्तजन्माचा आनंद व शांती लाभो.