एका वर्षाची शिदोरी
(पूज्य विनोबाजींच्या चरित्रातील एक प्रकरण)

अनेक गृहस्थांच्या मनात एक शंका घर करून असते. सारे आयुष्य सेवेला वाहणे प्रत्येकास शक्य नाही. मग वर्षभराच्या अल्प सेवेने काय साधणार? आचार्य विनोबा भावे यांच्या चरित्रातील एका वर्षात या शंकेचे समाधान सापडते.

कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. मातोश्री रुक्मिणीबाईंच्या भक्तीचा संस्कार बाळपणीच झाला होता. १९१६ च्या मार्चमध्ये ते परीक्षेसाठी मुंबईस निघाले आणि वाटेत सुरतेस उतरून ब्रह्मजिज्ञासेने काशीस गेले. त्याच वर्षी ७ जून रोजी अहमदाबादनजीक कोचरब आश्रमात गांधीजींची भेट झाली व ते आश्रमवासी झाले.

पुढील वर्षी प्रकृती क्षीण झाल्यामुळे आणि संस्कृत अध्ययनाच्या ओढीने त्यांनी गांधीजींकडून एक वर्षाची रजा घेतली. कृष्णातीरावरील वाई येथे वेदशास्त्रसंपन्न नारायणशास्त्री मराठे यांच्या चरणांशी बसून त्यांनी उपनिषदे, शांकरभाष्यासह ब्रह्मसूत्रे व पातंजल योगदर्शन यांचे अध्ययन केले. असा गुरू आणि अशी कुशाग्र बुद्धी लाभल्यावर पांडित्याचा मार्ग मोकळा होता. त्या मार्गावरच थांबण्याचा मोह एखाद्यास सहज झाला असता. परंतु विनोबाजींनी विद्या स्वतःपुरती ठेवली नाही.

एकीकडे शिकत असता दुसरीकडे ते शिकवीत होते. सहा विद्यार्थ्यांना त्यांनी गीता अर्थासह शिकविली, चौघांना ज्ञानेश्वरीचे सहा अध्याय सांगितले आणि दोघांना नऊ उपनिषदांचा पाठ दिला. त्यासाठी एक पैही घेतली नाही. विद्यार्थ्यांचे मंडळ स्थापून वाचनालय उघडले. पुस्तकांसाठी द्रव्य हवे होते. तेव्हा विनोबाजी व त्यांचे सोबती जात्यावर बसले आणि लोकांचे धान्य दळून पैसे मिळवू लागले. सुखवस्तू घरांतील मुलांनीही जात्याचा खुंटा धरला. तो उपक्रम दोनेक महिनेच टिकला; वाचनालय मात्र उभे राहिले. पुढे त्यांनी सुमारे चारशे मैल पायी प्रवास केला, रायगड, सिंहगड व तोरणा हे किल्ले पाहिले आणि गावोगाव गीतेवर प्रवचने दिली. रजेची मुदत संपताच ठरल्या दिवशी ते साबरमतीस हजर झाले. त्या वचनपालनाचे गांधीजींनाही कौतुक वाटले.

आता पुढील चरित्र पाहावे. वाईस सहा जणांपुढे उघडलेली गीता १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात बंदिवानांपुढे उघडली. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत दर रविवारी एक, अशी अठरा प्रवचने झाली. ती साने गुरुजींनी टिपून घेतली. आईच्या इच्छेस स्मरून रचलेली ‘गीताई’ त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. ती ऐकण्यास आई मात्र नव्हती. १९१८ च्या साथीने तिला नेले होते. जात्यावरचे श्रम वर्ध्याच्या व पवनारच्या आश्रमांत नित्याचे व्रत झाले. नव्या विद्येची गोडी तुरुंगातही आटली नाही. १९४२ नंतरच्या कारावासात त्यांनी दक्षिणेच्या चार भाषा आत्मसात केल्या.

आणि पायांना लागलेले वळण? १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे शंभर एकरांचे पहिले भूदान मिळाले. त्यानंतर तेरा वर्षे ते देशभर पायी हिंडले आणि चाळीस लाखांहून अधिक एकर जमीन दानात मिळाली. त्यातली सगळीच जमीन भूमिहीनांच्या हाती पोहोचली नाही. कित्येक ठिकाणी ती नापीकही निघाली. तरी ज्याने फळावर हक्क सांगितला नव्हता, त्याचे चालणे थांबले नाही. येलहंका नाडाचे अधिपती केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये वसविलेल्या बंगळूर नगरातही त्यांच्या प्रेरणेने ‘वल्लभ निकेतन’ हा आश्रम स्थापन झाला. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे त्यांनी देह ठेवला.

वाईच्या त्या वर्षाने विनोबाजींना धन वा पदवी दिली नाही. विद्या वाटून घ्यावी, अन्न श्रमाने मिळवावे, लोकांकडे आपल्या पायांनी जावे आणि दिलेला शब्द पाळावा, या चार सवयी मात्र दिल्या. सेवेचे वर्ष सरते. त्यात जडलेली सवय आयुष्यभर सोबत करते. म्हणून ज्या घरात मुलगा वा मुलगी असे एक वर्ष भगवत्कार्यास देऊ इच्छिते, त्या घरातील वडीलधाऱ्यांनी वर्ष वाया गेले असे मानू नये. आणि ज्याला वर्ष देणे शक्य नाही, त्याने आठवड्यातील एक तास शेजारच्या चार मुलांना गीतेचा अर्थ सांगण्यास द्यावा. विनोबाजींनी वाईस आरंभ केला, तेव्हा समोर सहाच विद्यार्थी होते.