लाइन बिझी का लागते? : ए. के. एर्लांग

‘ट्रॅफिक किती एर्लांग?’ हे न्युमेरिकल पेपरात हमखास येतं. आपण उत्तरापुढे एकक लिहितो, मार्क घेतो आणि विसरतो. त्या एककामागे एक अबोल डॅनिश माणूस आहे.

आग्नेर क्रारुप एर्लांगचा जन्म १ जानेवारी १८७८ला डेन्मार्कमधल्या एका खेड्यात झाला. वडील शाळामास्तर. चौदाव्या वर्षी, वय कमी म्हणून खास परवानगी काढून, तो विद्यापीठाची प्रवेश परीक्षा पास झाला. १९०१मध्ये गणिताची पदवी, मग काही वर्षं मास्तरकी. गणितज्ञांच्या मंडळात त्याची योहान येन्सनशी ओळख झाली (इनइक्वालिटीवाला येन्सन तो हाच!). येन्सन कोपनहेगन टेलिफोन कंपनीत इंजिनिअर होता. १९०८ला एर्लांगही तिथेच लागला.

कंपनीचा प्रश्न रोकडा होता. लाइनी जास्त टाकल्या तर पैसा वाया, कमी टाकल्या तर गिऱ्हाईक बोंबलणार. मग टाकायच्या किती? समजा, तासाला सरासरी २० कॉल येतात आणि प्रत्येक ३ मिनिटं चालतो. झाली ६० मिनिटं, म्हणजे १ एर्लांग. एक लाइन पुरायला हवी ना? नाही पुरत! कॉल ठरवून एकामागून एक येत नाहीत, कधीही येतात. त्याच्या सूत्राने दर दोन कॉलमागे एक परत जातो. हे प्रमाण १ टक्क्याच्या आत आणायला ५ लाइनी लागतात. पण ट्रॅफिक दहापट झालं तर ५० नाही, १८ लाइनींत भागतं. परीक्षेपुरतं पाठ करण्यापेक्षा हे एकदा कॅल्क्युलेटरवर करून बघा, मजा येते.

१९१७च्या त्याच्या लेखात दोन सूत्रं होती. लाइन भरली की कॉल परत पाठवायचा, हे एक. त्याला रांगेत थांबवायचं, हे दुसरं.

लॅबमध्ये लिनक्सचं कर्नल ट्यून करताना आपण याच दोन सूत्रांच्या मध्ये उभे असतो. लांबच्या लिंकवर विंडो छोटी असेल तर बफर वाढवून फायदा होतोच. पण लिंकच भरलेली असेल तर रांग लांब करून स्पीड वाढत नाही. पॅकेट पडायचं ते थांबून राहतं आणि पिंग चढतं. एक फरक मात्र आहे. एर्लांगच्या हिशोबात लाइन बिझी म्हणून कोणी फोन कमी करत नाही. टीसीपी गर्दी पाहून हात आखडता घेतो. १९८६मध्ये बर्कलेजवळ ३२ किलोबिटचा वेग ४० बिटवर कोसळला, त्यानंतर व्हॅन जेकबसनने हे शहाणपण कर्नलमध्ये घातलं. तेव्हा एर्लांगची सूत्रं पॅकेटना डोळे मिटून लावू नका.

एर्लांग नुसता कागदावरचा माणूस नव्हता. केबलची मोजमापं घ्यायला शिडीवाला कामगार बरोबर घेऊन तो कोपनहेगनच्या मॅनहोलमध्ये उतरायचा. लग्न केलं नाही, पैसा पुस्तकांत आणि गरजूंना देण्यात गेला. वीसेक वर्षांच्या नोकरीत आजारपणाची रजा नाही. १९२९च्या जानेवारीत पोटाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेला आणि ३ फेब्रुवारीला वारला. वय ५१. एककाला त्याचं नाव आंतरराष्ट्रीय पातळीवर १९४६मध्ये मिळालं.