मेजर जनरल साहिबसिंग सोखे आणि प्लेगचें औषध

उंदीर पडूं लागले कीं गांव सोडून रानांत झोपड्या घालाव्या, हा प्लेगच्या काळचा रिवाज चिखलीकडील वाचकांनीं वडील मंडळींपासून ऐकला असेल. डॉ. हाफकिन यांनीं सन १८९७ मध्यें मुंबईंत प्लेगची लस काढली. परंतु ती निरोगी माणसासाठीं. ज्याला गांठ आली त्याला द्यावयाचें काय? या प्रश्नास ज्यांनीं हात घातला त्यांत सोखे प्रमुख होत.

त्यांचा जन्म सन १८८७ त अमृतसर येथें झाला. लष्करी वैद्यकीय नोकरींतून येऊन सन १९३२ त ते परळच्या हाफकिन संस्थेचे मुख्य झाले. सुप्रसिद्ध नर्तकी मेनका ही त्यांची पत्नी; पण तो विषय निराळा.

सन १९३५ त जर्मनींतील डोमाक यांनीं एका तांबड्या रंगाचा रोगजंतूंवरील गुण प्रसिद्ध केला व त्यांतून पुढें सल्फा औषधें निघालीं. तीं प्लेगवर चालतील काय? जंतूंस मारणारे पदार्थ पुष्कळ आहेत; रोग्यास न मारतां जंतूंस मारील असा पदार्थ विरळा, व खरी अडचण तेथेंच आहे. सोखे व डॉ. दीक्षित यांनीं प्रथम उंदरांवर पारख केली. ज्या प्राण्यानें प्लेग घरीं आणला, त्याच्याच जातीवर त्याचें औषध ठरावें, हें नवलच! मग रोग्यांचे गट पाडून मृत्यूंची तुलना झाली. ज्या गटास नवें औषध नाहीं त्याच्या उशाशीं बसून मोजदाद करणें वैद्यास किती जड गेलें असेल! परंतु त्यावांचून खरें खोटें कळण्यास मार्ग नव्हता. सल्फाथायाझोल दिलेल्यांत मृत्यु पुष्कळच कमी झाले.

औषध सांपडलें, तरी विलायतेंतून येणारें औषध गरिबाच्या हातीं कसें पडणार? तें देशांतच, नफ्याकडे न पाहतां, तयार व्हावें हा सोखे यांचा आग्रह शेवटपर्यंत टिकला. सरकारी मालकीचा पेनिसिलिनचा कारखाना पुण्याजवळ पिंपरी येथें सन १९५४ त स्थापन झाला, तो याच विचाराचा होता.

मात्र जंतूहि स्वस्थ बसत नाहींत. औषध सरावाचें झालें कीं ते त्यास दाद देईनासे होतात, आणि नवें औषध शोधण्यास वर्षें लागतात. सल्फाच्या मागून प्लेगवर स्ट्रेप्टोमायसिन आलें, टेट्रासायक्लिन आलें. सोखे सन १९७१ त वारले. सन १९९४ त बीड जिल्ह्यांत व सुरतेस प्लेगचा पुन्हां बोभाटा झाला, तेव्हां सुरतेहून लोक हजारोंनीं पळाले. पण या वेळीं पळणाऱ्यांच्या खिशांत गोळ्या होत्या.